कूलिंग कॉइल कुठली घ्यावी हे नंतर, आधी जुनी का फुटली ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सिंहगड रोडचा फ्लॅट, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, २०१९ साली घेतलेला, गॅस आर-३२. गेल्या दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून झाला. आता मेकॅनिक म्हणतो, आतली कूलिंग कॉइल, म्हणजे इनडोअर युनिटमधली गॅस फिरणारी नळ्यांची जाळी, गेली. कंपनीची कॉइल गॅससकट साडेसतरा हजार, बाजारातली, कंपनीची नसलेली, तांब्याची साडेनऊ हजार, आणि तिसरा एक जण ॲल्युमिनियमची आणखी स्वस्तात बसवून देतो म्हणतोय. तर यांतलं काय घ्यावं?

मी भोसरीत एका कारखान्यात रेफ्रिजरेशनच्या मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त आहे. नात्यागोत्यातले आणि सोसायटीतले एसी मात्र निवृत्त होऊ देत नाहीत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: कंपनीचीच कॉइल घ्या, पण या आठवड्यात घेऊ नका.

पहिली शंका अशी की कॉइलच गेली हे कशावरून? एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीतच फिरतो, त्यामुळे कमी झाला तर कुठून तरी गेलाय एवढं नक्की. पण जायच्या वाटा बऱ्याच असतात. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गळती फ्लेअर नटपाशी सापडते, म्हणजे तांब्याची नळी इनडोअरला आणि आउटडोअरला जिथे आटे देऊन जोडतात तिथे. फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरट केलेलं तोंड, नीट बसलेली नसते किंवा नट आवळताना जास्त ताकद लावलेली असते. ते काम काही शे रुपयांचं. ‘कॉइल गेली’ हे वाक्य मेकॅनिकला सोयीचं असतं, कारण ते तपासायला ग्राहक भिंतीवरचं युनिट उघडत नाही.

म्हणून त्याला सांगा, इनडोअरच्या दोन्ही नळ्या सोडव, कॉइलची तोंडं बंद कर आणि एकट्या कॉइलमध्ये ३०० पौंडांपर्यंत (म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब) नायट्रोजन भर. रेग्युलेटर लावूनच. (नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर काढणारा महाभाग भेटला तर त्याला चहासुद्धा न देता घालवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांचा स्फोट होतो.) मग साबणाचं पाणी लावायचं आणि गेज लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा थोडा उतरलेला दिसला की मेकॅनिक विजयी मुद्रेने बघेल. तेव्हा हे लक्षात ठेवा: ३०० पौंडाला खोलीचं तापमान एक अंशाने उतरलं की दाब साधारण एक पौंड उतरतो. दुपारी ३५ अंश आणि पहाटे २९ असेल तर सहा पौंड गळतीशिवायच जातात. पुण्यात उन्हाळ्यात दिवसरात्रीत फरक मोठा असतो, म्हणून दोन्ही वेळचं तापमान कागदावर लिहा. २९४ दिसले तर कॉइल शाबूत आहे, २४० दिसले तर तो खरं बोलतोय.

आता समजा कॉइल खरंच गळतेय. सहा-सात वर्षांत तांबं का फुटावं, हे कोणी विचारत नाही आणि माझ्या मते सगळं इथेच अडतं. मीही विचारलं नव्हतं. आमच्या सहकारनगरच्या घरातल्या मागच्या बेडरूमची कॉइल चार वर्षांत गेली. बदलली. नवी दोन वर्षांत गेली! मी दुकानदाराशी भांडलो, हलकं तांबं दिलंस म्हणून. जुनी कॉइल त्याच्या टेबलावर आपटायला म्हणून पिशवीत घालून नेली होती. तो शांतपणे म्हणाला, “काका, वळणं बघा की.” नळीची यू आकाराची वळणं काळी पडली होती, तव्याच्या पाठीसारखी. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला घरच्या कॉइलवरचा हा रंग दिसला नव्हता.

तो काळा थर म्हणजे तांब्याचा सल्फाइड. सांडपाण्याच्या वासात हायड्रोजन सल्फाइड वायू असतो आणि तांबं त्याला लगेच बळी पडतं. कूलिंग चालू असताना कॉइल ओली असते, म्हणजे वायूला विरघळायला पाणी आयतंच मिळतं. आमच्या घरापासून नाला लांब आहे, मग वायू आला कुठून? इनडोअरच्या ड्रेन पाइपमधून. फर्निचरच्या वेळी सुताराला भिंतीबाहेर लोंबणारी नळी आवडली नव्हती, म्हणून त्याने ती आतल्या आत बाथरूमच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपात सोडली होती. तिला वळण दिलं होतं, त्यात पाणी साचून वास अडावा म्हणून. पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की दुपारी एसीतून पाणी थेंबभर पडतं. ते वळण सुकून जायचं आणि गटाराचा वायू थेट कॉइलच्या ट्रेपर्यंत वर यायचा. ब्लोअर तो कॉइलवरून खोलीत फिरवायचा. आम्ही खोलीतल्या वासासाठी उदबत्ती लावत होतो.

(जाता जाता: उन्हाळ्यात एसीतून पाणी पडत नाही म्हणून मेकॅनिकला बोलावू नका. हवेत बाष्पच नसेल तर पाणी कुठून येणार? जुलैत त्याच एसीखाली बादली भरते.)

ती नळी सरळ गॅलरीत काढली, कुठल्याही पाइपाला न जोडता. तिसरी कॉइल सहा वर्षं झाली, चालू आहे.

तुमच्याकडे हे तपासायची सोपी खूण म्हणजे देव्हारा. चांदीचं निरांजन किंवा अत्तरदाणी घासून त्या खोलीत ठेवा आणि जोडीची दुसरी वस्तू लांबच्या खोलीत. आठवड्या-दोन आठवड्यांत एक काळवंडली आणि दुसरी नाही, तर त्या खोलीच्या हवेत गंधकाचे वायू आहेत. तुमचा फ्लॅट मुठा नदीच्या बाजूला असेल किंवा खिडकी ओढ्याकडे असेल तर दोन्ही काळवंडतील. मग ड्रेन बदलून भागणार नाही. एसी चालताना खिडकीची फट बुजवणं आणि कॉइल निवडताना पुढे म्हणतो तो विचार करणं, हे दोनच उपाय.

दुसरं कारण नव्या फर्निचरचं. ताजं प्लायवूड, चिकटवण्याचे पदार्थ, रंग यांतून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाची वाफ महिनोन्‌महिने येत राहते. ती आणि ओलावा मिळून तांब्याच्या भिंतीत केसाएवढे बोगदे पाडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते वारुळासारखे दिसतात म्हणून इंग्रजीत त्या गंजाला मुंग्यांच्या वारुळाचंच नाव आहे. यात नळी वरून जवळजवळ स्वच्छ दिसते आणि तरीही गळते. घर नवं असताना एसी बसवला आणि खिडक्या बंद ठेवून राहिला असाल तर हा संशय घ्या. तिसरं कारण म्हणजे सर्व्हिसवाल्याची बाटली. जाळी लवकर पांढरी दिसावी म्हणून तीव्र आम्ल किंवा सोडा मारून नीट न धुता निघून जाणारे कमी नाहीत. साधं पाणी, मऊ ब्रश आणि कमी दाबाचा पंप पुरतो.

आता कॉइल. लोक तांबं की ॲल्युमिनियम यावरच भांडतात, पण त्याआधी ती तुमच्या मशीनला जुळते का हे बघायला हवं. स्प्लिटमध्ये गॅसचा दाब पाडणारा व्हॉल्व्ह बाहेरच्या युनिटात असतो आणि इन्व्हर्टरमध्ये तो बहुधा इलेक्ट्रॉनिक असतो. तो किती उघडायचा हे बोर्ड ठरवतो, आणि ते ठरवायला कॉइलवरच्या सेन्सरचं तापमान वापरतो. मूळ कॉइलवर त्या सेन्सरसाठी तांब्याची छोटी कुपी डाग दिलेली असते, ठरावीक वळणावर. बाजारातल्या कॉइलला बऱ्याचदा ती नसते. मग मेकॅनिक सेन्सर झिप टायने कुठेतरी बांधतो. बोर्डाला चुकीचं तापमान कळतं आणि एसी विनाकारण हळू चालतो, नाहीतर कॉइलवर बर्फ धरेपर्यंत ओढत राहतो. मग ‘बोर्ड गेला’ असं निदान होतं आणि आणखी काही हजार जातात.

शिवाय गॅस कॉइलमध्ये एका लांब नळीतून जात नाही, दोन-चार समांतर वाटांनी विभागून जातो. त्या वाटा किती, नळी पाच मिलिमीटरची की सातची, ओळी दोन की तीन, यावर आतली जागा ठरते. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचे जे ग्रॅम लिहिलेत ते मूळ कॉइल धरून. कॉइल वेगळी असली की तो आकडा फुकट गेला. मग गॅस अंदाजाने भरावा लागतो, आणि इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेगच सतत बदलत असल्याने नुसत्या गेजवरचा अंदाज फसतो. जुन्या साध्या एसीत हे चालून जायचं. तुमच्यात नाही चालणार. ‘दीड टन म्हणजे दीड टन, सगळ्या सारख्याच’ असं दुकानदार म्हणेल. टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता काढायची क्षमता, कॉइलचं माप नव्हे.

आकाराचंही तसंच. आतली कॉइल ब्लोअरभोवती तीन-चार घड्यांत बसते. घडी अर्धा इंच चुकली तर फटीतून न गारवलेली हवा जाते आणि पावसाळ्यात ब्लोअरमधून पाण्याचे तुषार अंथरुणावर येतात.

धातूचं सांगतो. तांबं उष्णता चांगली नेतं आणि छिद्र पडलं तर डाग देता येतो. तांबं वितळतं १,०८५ अंशांना, त्यामुळे ज्योत लावायला भरपूर वाव मिळतो. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि डागाची कांडी त्याच्या थोडीच आधी, म्हणून घरी येऊन ते दुरुस्त करणारा हात दुर्मीळ. पण ॲल्युमिनियम म्हणजे फसवणूक, हा सरसकट समज मला पटत नाही. गंधकाचा वायू आणि ते वारुळी बोगदे, दोन्हींत ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त टिकतं. अमेरिकेत घरच्या एसीच्या कॉइली ॲल्युमिनियमच्या करायला लागले त्यामागे हेही कारण होतं. त्याचा कच्चा दुवा म्हणजे तांब्याच्या नळीशी होणारा सांधा. तिथलं आवरण फाटून पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजतं. तेव्हा तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच ॲल्युमिनियमची देत असेल आणि घर ओढ्याजवळ असेल, तर मी ती बिनदिक्कत घेईन. तुमच्या तिसऱ्या माणसाची बिननावाची मात्र नको. कॉइलच्या पातळ पत्र्यांवरचा निळा किंवा सोनेरी लेप पाणी लवकर ओघळावं आणि पत्रे टिकावेत म्हणून असतो, नळीला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

कंपनीची कॉइल घ्या म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. तिला नळ्या आणि फ्लेअर नट लागूनच येतात, दीड टनाला बहुधा दोन सूत आणि चार सूत (पाव आणि अर्धा इंच). म्हणजे बेडरूममध्ये गॅसची ज्योत पेटवायची वेळच येत नाही. बाजारातल्या कॉइलला नळीच्या शेपट्या ज्योतीने जोडाव्या लागतात, आणि आर-३२ सौम्य का होईना ज्वालाग्राही आहे.

बसवताना दोन गोष्टींवर अडून बसा. व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला), आणि पंप बंद केल्यावर काटा टिकला पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा ढकलणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. एसीच्या कॉम्प्रेसरमधलं तेल ओलावा शोषून घेतं आणि पुढे आम्ल होतं. दुसरं, गॅस वजनकाट्यावर मोजून, पाटीवरच्या ग्रॅमाप्रमाणे.

पैशांचं म्हणाल तर वॉरंटी कार्ड आधी काढा. मोठ्या अक्षरातली दहा वर्षं कॉम्प्रेसरची असतात आणि ‘कंडेन्सर’ म्हणजे बाहेरची कॉइल, पण काही कार्डांवर आतलीही असते. नसेल, तर माझा हिशेब असा: खर्च नव्या एसीच्या निम्म्यापेक्षा कमी आणि कॉम्प्रेसर-बोर्ड ठणठणीत असतील तर कॉइल बदलावी. साडेसतरा हजार त्या रेषेच्या अगदी जवळ आहे. गॅस आणि मजुरी वेगळी लिहून मागा, बऱ्याचदा तिथेच हजार-दीड हजार सुटतात. आणि साडेनऊ हजारांत नायट्रोजन, व्हॅक्यूम धरलंय का हेही त्या दुसऱ्याला विचारा. मला वाटतं नसावं.

ड्रेनची नळी तुमच्याकडे कुठे सोडलीय हे तुम्ही लिहिलेलं नाही. फर्निचरच्या मागे जात असेल तर बाथरूमच्या बाजूने टॉर्च मारून बघा आणि सांगा.