बर्फाखालची हिरवळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही मिनेसोटात राहतो. मागच्या अंगणात दोन मोठे मेपल आहेत. गेल्या वर्षी पानं गोळा करायच्या आतच बर्फ पडला. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा लॉनवर राखाडी, कोळिष्टकासारखं जाळं धरलेले गोल डाग दिसले. बर्फानं गवत मेलं का? यंदा पानं सगळी उचलायची का?

उत्तर: गवत बहुधा मेलेलं नाही, आणि दोष एकट्या बर्फाचा नाही. हवा उणे २५ अंशांवर गेली तरी फूटभर बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास राहू शकते, शिवाय कोरड्या वाऱ्यापासूनही गवत वाचतं. घोटाळा होतो तो बर्फाखाली दबलेल्या अख्ख्या, ओल्या पानांमुळे. तुमच्याकडचं केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू थंडीतलं गवत आहे. ते ऑक्टोबरातही वाढत असतं, त्याला ऊन लागतं. मेपलची रुंद पानं भिजली की एकमेकांना चिकटून थर बनतो, ऊन अडतं, ओल कोंडते. जमीन गोठायच्या आधीच त्यावर बर्फ बसला आणि दोनेक महिने हलला नाही, तर टायफुला ही राखाडी बुरशी फोफावते.

डागातली पाती जवळून पाहा. त्यांवर मोहरीहून बारीक, कडक, तपकिरी-काळे दाणे असतील तर ती हीच बुरशी. ती सहसा पातीच खाते. डागाच्या कडेला गुलाबी झाक असेल तर बुरशी दुसरी, मायक्रोडोकियम. ती बर्फ नसतानाही ओल्या थंडीत येते आणि बुंध्यापर्यंत पोचू शकते. एक रोप उपटून पाहा: मातीलगतचा बुंधा पांढरा आणि टणक असेल तर ते फुटेल.

वसंतात माती चिखलासारखी असताना लॉनवर पाऊल टाकू नका, ती दबते. वरचा भाग सुकला की हलक्या हातानं पानं ओढायचा पंजा (रेक) फिरवून चिकटलेली पाती मोकळी करा, वारा लागू द्या. बुरशीनाशक आता मारणं म्हणजे पैसे वाया. ते बर्फ पडण्याआधीच उपयोगी पडतं, आणि घरच्या लॉनला सहसा त्याची गरजच नसते. मेच्या अखेरपर्यंत जिथे काहीच फुटलं नाही तिथे ऑगस्टच्या उत्तरार्धात बी पेरा, ब्लूग्रासचं १,००० चौरस फुटांना साधारण एक ते दीड किलो.

यंदा पानं उचलायची गरज नाही, चुरायची आहे. पानं कोरडी असताना गवत कापायच्या मोवरची उंची ३ इंच ठेवा आणि आडवं-उभं दोनदा फिरवा. तुकडे नाण्याएवढे झाले आणि त्यांच्यामधून गवताची पाती वर दिसली, की काम झालं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगांत असा चुरा लॉनमध्ये जिरवल्यानं गवताचं नुकसान झालं नाही. मात्र सगळी पानं गळायची वाट पाहू नका. आठवड्याला एकदा चुरलं तर ढीगच साचत नाही. चुऱ्याखाली गवत दिसेनासं झालं तर जास्तीचा चुरा वाफ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाका. ओकच्या पानांनी माती आंबट होते ही भीतीही सोडून द्या.

गवत वाढायचं थांबेपर्यंत कापत राहा. शेवटची कापणी दोन ते अडीच इंचांवर. लांब पाती बर्फाखाली आडवी पडून गुंततात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. बर्फाच्या आधीच्या सहा आठवड्यांत झटकन लागू होणारं नत्र घालू नका, त्यानं कोवळी, लुसलुशीत पाती फुटतात आणि बुरशी आधी तिथेच धरते.

प्रश्न: ड्राइव्हवेच्या कडेची पट्टीच दरवर्षी तपकिरी का पडते?

उत्तर: तिथे फावड्यानं टाकलेल्या बर्फाबरोबर, तो वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर टाकलेलं मीठही जातं, आणि ढीग सर्वांत उशिरा वितळतो. ढीग एकाच जागी रचू नका. मार्चमध्ये फावड्यानं पसरून द्या. माती मोकळी झाली की त्या पट्टीला दोन-तीन वेळा भरपूर पाणी द्या, म्हणजे मीठ मुळांखाली उतरेल. मीठ टाकायच्या आधी बर्फ खरवडून घेतला तर ते कमीही लागतं.