सरकारी सायबर प्रमाणपत्र योजनेचा खर्च कोणी उचलावा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लहान फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी, संगणक व माहितीची मूलभूत सुरक्षा तपासून प्रमाणपत्र देणारी योजना सरकारने चालवायची झाल्यास पैसा कोठून यावा, असे आपण विचारले आहे. ब्रिटनमधील ‘सायबर इसेन्शियल्स’ योजनेचा नमुना पाहण्याजोगा आहे. 2014 साली सुरू झालेल्या या योजनेत निकष सरकारी सायबर सुरक्षा केंद्राच्या देखरेखीखाली ठरतात, 2020 पासून कारभार ‘आयॅस्मे’ ही एकच संस्था पाहते आणि प्रत्यक्ष तपासणी तिने परवाना दिलेल्या संस्था करतात. चालू खर्च मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कातून भागतो. प्रमाणपत्र 12 महिनेच टिकत असल्याने हे उत्पन्न दरवर्षी येत राहते. मागणी मात्र सरकारनेच निर्माण केली, कारण काही सरकारी कंत्राटांसाठी हे प्रमाणपत्र सक्तीचे केले गेले, आणि माझ्या मते योजना टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

आपल्याकडे केवळ शुल्कावर भागणार नाही. केंद्र सरकारच्या ‘झेड’ योजनेत (उद्योगांना दर्जा आणि पर्यावरणपूरक उत्पादनासाठी प्रमाणपत्र देणारी योजना) प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना 80, लघु उद्योगांना 60 आणि मध्यम उद्योगांना 50 टक्के अनुदान ठेवले आहे. तोच मार्ग येथे योग्य ठरेल. मात्र जी संस्था कारखान्याला सल्ला विकते, तिच्याकडेच त्याची तपासणी कदापि सोपवू नये. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक कारखानदारांचा रोजचा व्यवहार मराठीत चालतो; त्यामुळे तपासणीची प्रश्नावली कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही हवी, आणि त्या भाषांतराची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हायला हवी.