ऐन वेळी शब्द का आठवत नाहीत?

प्रश्न : मी काही वर्षांपासून एक परकी भाषा शिकत आहे. वाचलेले समजते, पत्रही लिहिता येते. परंतु ती भाषा बोलणारी व्यक्ती समोर आली की येत असलेले शब्दसुद्धा आठवत नाहीत. बुद्धी कमी पडते, की वय आड येते?

उत्तर : लिहिताना जे शब्द आपल्याला आठवतात ते स्मृतीत आहेतच, अडचण ते ऐन वेळी बाहेर काढण्याची आहे आणि तिचा संबंध बुद्धीपेक्षा भीतीशी अधिक आहे. परक्या भाषेत बोलताना शब्द निवडणे, व्याकरण सांभाळणे आणि समोरच्याचे ऐकणे हा सारा भार मुळातच मर्यादित असलेल्या कार्यस्मृतीवर, म्हणजे हाताळत असलेली माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, एकदम पडतो आणि त्यात ‘चुकलो तर हसे होईल’ हा विचार शिरला की तोही तिथेच ठाण मांडून बसतो. शिवाय तीव्र ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या कामावर परिणाम करून शिकलेले आठवण्यात अडथळा आणू शकते. वयाचा परिणाम मुख्यतः उच्चारांवर दिसतो. शब्दसंग्रह कोणत्याही वयात वाढतो.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नेमकी हीच धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी भावनेला भाषा आत शिरू न देणारी गाळणी म्हटले. ही कल्पना लोकप्रिय झाली, पण माझ्या मते ती अपुरी आहे, कारण तिच्यात भावना विचाराच्या बाहेर, दारावर उभी राहते. भाषातज्ज्ञ जॉन शुमन यांची मांडणी मला अधिक पटते : समोर आलेला अनुभव नवा आहे का, सुखद आहे का, आपल्या उद्दिष्टाला उपयोगी आहे का, आपल्याला झेपेल का आणि त्याने आपली प्रतिमा उंचावेल की डागाळेल, याचे मूल्यमापन मेंदू सतत करत असतो, त्यात अमिग्डाला या मेंदूतील भावनांशी निगडित भागाचा मोठा वाटा असतो आणि आपण पुन्हा त्या भाषेकडे वळणार की तिला टाळणार, हे बरेचसे त्यावरून ठरते.

म्हणून भीती ओसरण्याची वाट पाहत गप्प राहू नये. एकाच विश्वासू व्यक्तीशी एकाच विषयावर पुनःपुन्हा बोलावे आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत चूक दाखवू नये, अशी तिला आधीच विनंती करावी. सरावाने वाक्यरचना अंगवळणी पडली की कार्यस्मृतीवरचा भार हलका होतो. त्यानंतर विषय तोच ठेवून श्रोता बदलावा. दोन्ही एकदम बदलण्याची घाई नको.