केंद्रीय कायदामंत्र्यांच्या याद्यांत आकडा जुळत का नाही?

तुमचा प्रश्न असा: डॉ. आंबेडकरांपासून आजपर्यंतच्या केंद्रीय कायदामंत्र्यांचा क्रम लावताय, तीन याद्या पाहिल्या, आणि ‘कितवे कायदामंत्री’ याचं उत्तर तिन्हींत वेगळं आलं. मग बरोबर यादी कुठली?

बहुधा तिन्ही बरोबर असतील. एकीनं माणसं मोजली, दुसरीनं कार्यकाळ, तिसरीनं फक्त कॅबिनेट दर्जाचे मंत्री. तुम्ही आधी काय मोजायचं ते ठरवा आणि यादीच्या डोक्यावर तसं लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अरुण जेटलींच्या नावापाशी. जुलै 2000 मध्ये राम जेठमलानींनी राजीनामा दिल्यावर कायदा खातं जेटलींकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलं. तेव्हा ते राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) होते. नोव्हेंबर 2000 मध्ये त्यांना कॅबिनेट दर्जा मिळाला. जुलै 2002 मध्ये ते पक्षकार्यासाठी सरकारबाहेर पडले आणि जना कृष्णमूर्ती आले. जानेवारी 2003 मध्ये जेटली परतले, ते मे 2004 पर्यंत राहिले. माणूस एक, कार्यकाळ दोन, आणि दर्जातला बदल वेगळा धरला तर ओळी तीन! जेठमलानींचंही तसंच. 1996 च्या वाजपेयींच्या अल्पजीवी सरकारात ते कायदामंत्री होते, आणि पुन्हा जून 1999 पासून. त्यातही ऑक्टोबर 1999 मध्ये निवडणुकीनंतर नव्यानं शपथ झाली. ती वेगळी ओळ धरायची की नाही, हे तुमच्या नियमावर.

माझा सल्ला: एक ओळ म्हणजे एक सलग कार्यकाळ. सरकार बदलून पुन्हा शपथ झाली पण खातं त्याच माणसाकडे राहिलं, तर ओळ तीच ठेवा आणि शेऱ्याच्या रकान्यात शपथेची तारीख घाला. अशोककुमार सेन 1957 पासून 1966 पर्यंत या खात्यावर होते. तेवढ्यात नेहरू गेले, शास्त्री आले, शपथा पुन्हा झाल्या. प्रत्येक शपथेला नवी ओळ दिली तर सेनच तीन-चार वेळा येतील. 1984 च्या अखेरीस राजीव गांधींच्या सरकारात ते परत आले, ती मात्र खरोखरच दुसरी ओळ.

राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) गाळू नका. या दर्जाच्या मंत्र्याच्या वर त्या खात्यात कॅबिनेट मंत्री नसतो, त्यामुळे खात्याचा प्रमुख तोच. गोव्याचे रमाकांत खलप 1996 पासून देवेगौडा आणि गुजराल सरकारांत याच दर्जानं कायदा खातं पाहत होते. अर्जुन राम मेघवाल 18 मे 2023 पासून तसेच. ‘कॅबिनेट मंत्री’ एवढीच चाळणी लावली तर हे दोघंही गळतात आणि मधे न समजणारी भोकं पडतात. याउलट, ज्यांच्यावर कॅबिनेट मंत्री होता असे साधे राज्यमंत्री आणि उपमंत्री मुख्य यादीत घेऊ नका. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण कित्येकदा संसदेतलं काम दुय्यम मंत्र्यानंच ओढलेलं असतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं विधेयक लोकसभेत रेटलं ते हरि विनायक पाटसकरांनी, तेव्हा खात्याचे प्रमुख होते कॅबिनेट मंत्री चारुचंद्र बिस्वास. पाटसकरांसारख्यांसाठी वेगळा रकाना करा, पण करा नक्की.

आता तारखा. प्रत्येक बदलात तीन तारखा असू शकतात: शपथेची, खातेवाटपाची आणि प्रत्यक्ष कार्यभार घेतल्याची. शपथेनं माणूस मंत्री होतो, खातं मिळतं ते वाटपानं. 2014 मध्ये शपथ 26 मे ला झाली, खाती दुसऱ्या दिवशी जाहीर झाली. 2024 मध्येही शपथ 9 जूनला आणि खाती 10 जूनला. किरेन रिजिजूंची शपथ 7 जुलै 2021 ची, कार्यभार 8 जुलैचा. मी यादीत खातेवाटपाची तारीख धरेन. कार्यभार घेतल्याची तारीख वर्तमानपत्रांत ठळक येते खरी, पण तो सोपस्कार आहे, त्यावर अधिकार अवलंबून नसतो.

शपथेची तारीखच सापडत नसेल तर घाबरू नका, कदाचित शपथ झालेलीच नसेल. अनुच्छेद 75 प्रमाणे पंतप्रधानांच्या सल्ल्यानं राष्ट्रपती मंत्री नेमतात. आधीच मंत्री असलेल्याचं नुसतं खातं बदललं तर नवी शपथ लागत नाही. मे 2023 मध्ये रिजिजूंकडे भूविज्ञान गेलं आणि मेघवालांकडे कायदा आला, तो राष्ट्रपती भवनाच्या एका पत्रकानं. राज्यमंत्र्याला कॅबिनेट दर्जा द्यायचा असेल तर मात्र पुन्हा शपथ होते. म्हणून खातेबदलासाठी राष्ट्रपती भवनाची पत्रकं आणि राजपत्रातल्या अधिसूचना पाहा, जुन्या काळासाठी लोकसभा सचिवालयानं छापलेल्या मंत्रिमंडळांच्या याद्या.

शेवटच्या तारखेत जास्त चुका होतात. डॉ. आंबेडकरांचं राजीनाम्याचं पत्र 27 सप्टेंबर 1951 चं आहे. पण पंतप्रधानांच्या विनंतीवरून अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत ते थांबले, आणि 10 ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला उभे राहिले. निवेदनाची प्रत आधी दिल्याशिवाय बोलू देणार नाही, असं उपसभापतींनी म्हटल्यावर ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. त्यामुळे कुठे सप्टेंबर दिसतो, कुठे ऑक्टोबर. पत्राची तारीख ही राजीनामा देण्याची, कार्यकाळ संपल्याची नव्हे. यादीत ऑक्टोबरच हवा.

अगदी छोटे कार्यकाळ हमखास निसटतात, आणि माझ्या मते यादीतली सगळ्यात बोलकी ओळ त्यांतच आहे. आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी एकट्या ह. रा. खन्नांनी जबलपूर खटल्यात (आणीबाणीत अटकेत टाकलेल्याला न्यायालयात दाद मागता येते का, हा त्यातला प्रश्न) नागरिकाच्या बाजूनं निकाल दिला. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून मि. ह. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं, खन्नांनी पद सोडलं. तेव्हा कायदामंत्री होते हरि रामचंद्र गोखले, स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. मार्चमध्ये जनता सरकारात शांती भूषण आले, ज्यांनी अलाहाबादला राजनारायण यांच्या वतीनं इंदिरा गांधींच्या निवडीविरुद्ध खटला लढवला होता. जुलै 1979 मध्ये चरणसिंगांनी कायदा खातं दिलं ते खन्नांनाच. तीन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. बऱ्याच याद्या शांती भूषण यांच्यानंतर थेट श्यामनाथ कक्कर लिहितात. तसं करू नका.

मंत्री बदलला म्हणून विधेयक मरत नाही. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात पडून असलेलं विधेयक मरतं. ‘हे विधेयक कुठल्या कायदामंत्र्याचं?’ हा रकाना भरताना हे लागतं. महिला आरक्षण विधेयक 1996 मध्ये खलपांनी मांडलं, 1998 मध्ये थंबीदुराईंनी, 1999 मध्ये जेठमलानींनी, आणि प्रत्येक वेळी ते लोकसभेबरोबर गेलं. म्हणून 2008 मध्ये हंसराज भारद्वाजांनी ते राज्यसभेत मांडलं, कारण ते सभागृह विसर्जित होत नाही. 9 मार्च 2010 ला ते तिथे मंजूर झालं, तेव्हा मंत्री वीरप्पा मोईली होते. मग ते लोकसभेकडे गेलं, तिथेच अडकलं आणि 2014 ला लोकसभेसोबत संपलं. सप्टेंबर 2023 मध्ये मेघवालांनी नवं विधेयक मांडलं आणि तेच 106 वी घटनादुरुस्ती झालं. इथे ‘मांडलं’ आणि ‘मंजूर झालं’ असे दोन वेगळे रकाने हवेत. न्यायाधीश नेमण्यासाठीच्या न्यायिक नियुक्ती आयोगाचंही तेच: ऑगस्ट 2014 मध्ये विधेयक आणलं रविशंकर प्रसादांनी, आणि सर्वोच्च न्यायालयानं 16 ऑक्टोबर 2015 ला ती घटनादुरुस्ती रद्द केली तेव्हा खुर्चीवर होते सदानंद गौडा.

एक खबरदारी. आज मंत्रालयात तीन विभाग आहेत: विधी कार्य, वैधानिक आणि न्याय. यातला न्याय विभाग 31 डिसेंबर 2009 पर्यंत प्रशासकीयदृष्ट्या गृह मंत्रालयाचा भाग होता. त्यामुळे न्यायाधीशांच्या नेमणुकांची जुनी कागदपत्रं शोधताना कायदा मंत्रालयाच्या दप्तरात काही मिळालं नाही, तर गृह मंत्रालयाचे वार्षिक अहवाल उघडा.