'परमिशन मार्केटिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की 'परमिशन मार्केटिंग'साठी 'अनुमती विपणन' बरोबर आहे का, की बोलताना चालेल असा दुसरा शब्द आहे. चूक नाहीये, पण मी वापरणार नाही. विपणनाच्या मुळाशी विकणं आहे, विपणि म्हणजे बाजार, आणि ही कल्पना तर विकायच्या बरीच आधी सुरू होते. अमेरिकेतले मार्केटिंगवरचे लेखक सेथ गोडिन यांनी १९९९ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, त्यातलं मुख्य म्हणणं एवढंच की माणसाला मध्येच अडवून ओरडण्यापेक्षा आधी त्याला विचारा आणि तो हो म्हणाला तरच बोला, म्हणजे तुमच्या निरोपाची तो वाट तरी बघेल.

मग 'परवानगीची जाहिरात' म्हणावं का? इथे मला 'जाहिरात' हाच शब्द अडतो. जाहीर म्हणजे उघड, सगळ्यांसमोर. जाहीर सभा, जाहीर सूचना, जाहीर माफी. भिंतीवरची किंवा पेपरातली जाहिरात खरंच जाहीर असते, येणारा-जाणारा प्रत्येकजण तीच वाचतो. पण आता शेजारी बसलेली दोन माणसं आपापल्या फोनवर एकच पान उघडतात आणि त्याला दिसतात बूट, तिला दिसतं कर्ज, आणि एकाला काय दाखवलं ते दुसऱ्याला कळतही नाही. हे कानात कुजबुजणं झालं, याला जाहिरात कुठल्या अर्थाने म्हणायचं? शब्द इतका रुळलाय की बदलणार नाही हे मान्य, पण ज्यांना या क्षेत्रात पुढे काय येणार याचा विचार करायचाय त्यांनी ही फट बघितलीच पाहिजे, कारण कुजबुजायचं तर समोरच्याने जवळ येऊ दिलं पाहिजे, आणि परवानगीचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आता अनुमती, संमती की परवानगी? अनुमती अर्जातली वाटते. संमती चांगला शब्द आहे, कायद्याच्या भाषेत तोच हवा. पण आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' इतकं अंगवळणी पडलंय की गप्प बसलेला माणूस तयार आहे असं आपण सहज धरून चालतो. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात 'मला माहिती पाठवत जा' आणि शेजारच्या चौकटीत आधीच केलेली टिक, हा त्याच समजुतीचा फायदा घेणं आहे. मी स्वतः अशा एका चौकटीकडे लक्ष न दिल्यामुळे कित्येक महिने रोज एक मेल घेत होतो. लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यात हे चालत नाही, तिथे मौन म्हणजे संमती नाही आणि आधीच केलेली टिकही नाही.

परवानगी मात्र मागावीच लागते, ती कोणी गृहीत धरली तर आपण लगेच विचारतो, 'कोणाच्या परवानगीने?' शिवाय परवानगी देणारा नेहमी वरच्या जागेवर असतो, मागणारा खाली, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. जीडीपीआरमध्येही संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे असं स्पष्ट आहे. म्हणून माझं मत 'परवानगीचं मार्केटिंग'. मार्केटिंग आता मराठीच झालंय, ते तसंच राहू द्या, जोर परवानगीवर पडू दे.

याच्या उलट्यालाही चांगला शब्द आपल्याकडे आहे, आगंतुक. न बोलावता आलेला. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या एका मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यावरच्या, साधारण ४०० जणांना न विचारता कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली, पहिला स्पॅम म्हणून तोच सांगतात. 'आगंतुक मेल' म्हटलं की काय बिनसलंय ते शब्दातच कळतं, स्पॅममध्ये ते कळत नाही.

राहता राहिलं अनसबस्क्राइब, म्हणजे असे मेल बंद करायचं बटण. त्याला 'सदस्यता रद्द करा' लिहितात, पण ज्याला आपण सदस्य झालोय हेच माहीत नव्हतं तो रद्द काय करणार? तिथे सरळ 'यादीतून माझं नाव कमी करा' लिहावं, आणि तेही बाकी मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात.