साखरेचा आकडा मोबाईलवर दिसला, पुढं काय?

"अ‍ॅप घेतल्यापासून साखर काही उतरली नाही, भीती मात्र वाढली." मधुमेहाच्या समुपदेशनात ही तक्रार मला फार ऐकू येते. खानापूर असो, निपाणी असो, बेळगाव शहर असो, चित्र साधारण सारखंच असतं. मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला. सुट्टीत घरी आला की ग्लुकोमीटर आणून देतो, मोबाईलला जोडून देतो. सुरुवातीला हौसेनं तपासणी होते, मग मशीन कपाटात जातं आणि "माझ्यानं काही होत नाही" म्हणत माणूस स्वतःलाच बोल लावत बसतो. खरं तर आकडा आल्यावर करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेली, घरी माग, सुताच्या कांड्या भरायचं काम. म्हणजे दिवसभर बैठक. टाइप २ मधुमेह, इन्सुलिन नाही, गोळ्या चालू. त्यांचं एचबीए१सी ८.९, म्हणजे बरंच जास्त, आलं तेव्हा डॉक्टर चक्रावले, कारण मोबाईलमधल्या नोंदी बऱ्याच चांगल्या दिसत होत्या. ही रक्ततपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तिच्यापुढं निवडक नोंदींचं काही चालत नाही.

"आकडा बघिटला की पोटात गोळा येऊलाय, म्याडम," काकू म्हणाल्या.

अ‍ॅप इंग्रजीत होतं. भाषा बदलल्यावर कन्नड मिळाली. काकू कन्नड फडाफडा बोलतात, पण शाळा मराठी, वाचायची सवय देवनागरीची. त्यामुळे अ‍ॅपमधलं त्यांना कळायचं ते फक्त रंग. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. आणि लाल आकडा आला की तो त्याच क्षणी पुण्याला मुलाच्या फोनवरही जायचा. लगेच फोन, "आई, काय खाल्लंस?"

होळीच्या आदल्या दिवशी ३१२ आला होता. मुलगा फोनवर चिडला, काकू रडल्या. मी विचारलं, "बोट टोचायच्या आधी काय करत होता?" पुरणासाठी गूळ फोडत होत्या. हात पदराला पुसले आणि टोचलं. मग आम्ही तिथंच करून बघितलं. एका हाताच्या बोटाला गुळाचा खडा चोळला, दुसरा हात साबणानं धुऊन कोरडा केला, आणि दोन्हीकडची साखर मोजली. गुळाच्या बोटाचा आकडा कितीतरी वर गेला. काकू दोन्ही आकड्यांकडं बघतच राहिल्या. त्या दिवशीच्या भांडणाचं कारण बोटावरच्या गुळात होतं! घरच्या मशीनमध्ये साधारण १५ टक्के फरक चालतो, हेही सांगितलं. काल १६८ आणि आज १८१ आला तर त्यात रडण्यासारखं काही नसतं.

पण त्या फोननंतर काकूंनी दोन गोष्टी सुरू केल्या होत्या, आणि त्याची मला खरी काळजी वाटली. आकडा हिरवा येईल असं वाटलं तरच तपासायचं. आणि सकाळचा आकडा चांगला यावा म्हणून रात्रीचं जेवण टाळायचं. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होतं. ही गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मुलाच्या काळजीतून सुरू झालेल्या गोष्टीनं आईला इथवर आणलं होतं. माणूस आजारापेक्षा आजार सांभाळण्याच्या ओझ्यानं थकतो. हा थकवा मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपल्याकडं मात्र त्याला सरळ आळस म्हणून टाकतात.

काकूंच्या परवानगीनं मुलाशी बोलले. त्याला म्हटलं, "तुम्हाला आकडा दिसतो, ताट दिसत नाही, माग दिसत नाही, रात्रीची झोप दिसत नाही." मुलगा समजूतदार होता. ठरलं असं, की ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेलं तरच त्याला सूचना जाईल. बाकी आठवड्यातून एकदा आई स्वतः सांगेल.

मग लक्ष ठेवायला फक्त रात्रीचं जेवण धरलं. आठवड्यातले काही दिवस जेवणाआधी आणि जेवल्यानंतर दोन तासांनी साखर बघायची, शेजारी काय खाल्लं ते बोलून नोंदवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप, टायपिंगची कटकट नाही. काकूंना स्वतःलाच दिसलं, की शाळूची भाकरी-भाजी झाल्यावर भात परत वाढून घेतला की आकडा उडी मारतो, आणि लहान वाटीवर थांबलं की तेवढा चढत नाही. मंगळवार-शुक्रवारच्या उपवासाची साबुदाणा खिचडीही अशीच सापडली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास सोडा असं मी म्हटलं नाही, यल्लम्माचा उपवास सोडायला सांगणारी मी कोण! खिचडी कमी, शेंगदाणे नि ताक जास्त, आणि उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलं.

चालायचं मात्र होत नव्हतं. अ‍ॅप संध्याकाळी पाचला आठवण करायचं, आणि पाचला काकू कांड्या भरत असायच्या. म्हणून वेळेऐवजी कामाला गाठ मारली. जेवणाची ताटं उचलली की चप्पल पायात, दहा-पंधरा मिनिटं गल्लीत. असं "हे झालं की ते करायचं" ठरवून ठेवलं की ते पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढं आलंय. सोबतीला पलीकडच्या घरातली जाऊबाई. तीच रात्री "चल की गं" म्हणून निरोप टाकते.

साध्या निरोपाला कमी लेखू नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांच्या दक्षिण भारतातल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ पुरुष होते. दोन वर्षं मोबाईलवर आहार-व्यायामाचे संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. तो अभ्यास मधुमेह टाळण्याविषयीचा होता, काकूंना तर मधुमेह आहेच. पण साधा एसएमएससुद्धा माणसाला हलवू शकतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पुढच्या वेळी काकूंचं एचबीए१सी ७.८ आलं. डॉक्टरांना ७ च्या आसपास हवंय, म्हणजे काम बाकी आहे. पण आता काकू लाल आकडेही नोंदवतात, आणि जेवण टाळत नाहीत.

"कुठलं अ‍ॅप घेऊ?" असं विचारणाऱ्यांना मी सांगते, तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत उघडणारं, आकड्याशेजारी दोन शब्द लिहू किंवा बोलू देणारं, आणि आकडा कुणाला दिसावा हे तुमच्या हातात ठेवणारं घ्या. असं नाही मिळालं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, चालतं. गोळ्या किंवा इन्सुलिनचं प्रमाण अ‍ॅप बघून स्वतः बदलू नका. आणि घाम सुटला, हातपाय थरथरले, आकडा ७० च्या खाली दिसला, तर मुलाला फोन लावत बसू नका. आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग फोन करा.