खान्देशात कुणी ‘थँक्यू’ म्हणत नाही, म्हणजे सौजन्य नाही का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून बदली होऊन जळगावला येऊन तीन महिने झाले, पण गाडीत, बसस्टँडवर, दुकानात धक्का लागला तरी कुणी सॉरी म्हणत नाही, जागा दिली तरी थँक्यू म्हणत नाही. मग खान्देशात सौजन्य कमी आहे का?

मी अमळनेरची. गेली चौदा वर्षं अमळनेर ते जळगाव अप-डाऊन करते. धक्क्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्याकडे धक्का लागला तर माणूस पुढे निघून जातो. पण तेवढ्यावरून निकाल देऊ नका. आमच्याकडे सौजन्य तोंडाने कमी आणि हाताने जास्त होतं, आणि ते कुठे बघायचं हे नवीन माणसाला माहीत नसतं.

सकाळची रेल्वेगाडी नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत येते. अमळनेरला येईपर्यंत तिघांच्या बाकड्यावर चौघं बसलेले असतात. मी आत शिरले की बसलेल्या बाईचा हात आधी माझ्या पिशवीकडे येतो. ‘दे इकडे’ एवढंच. पिशवी तिच्या मांडीवर जाते आणि माझे दोन्ही हात दांडीला धरायला मोकळे होतात. ती माझ्याकडे बघतही नाही, शेजारणीशी चाललेलं बोलणं तसंच पुढे चालू. पाळधीला कुणी उतरलं की तीच बाजूच्यांना सरकवून मला बसवते. मागच्या पावसाळ्यात धरणगावला एक मुलगी कडेवर पोर घेऊन चढली. पोर झोपलेलं, ओलं झालेलं. माझ्या शेजारच्या म्हातारीने ते उचलून घेतलं, पदराने त्याचं डोकं पुसलं आणि जळगाव येईपर्यंत मांडीवर थोपटत राहिली. उतरताना ती मुलगी काहीतरी आभाराचं बोलायला लागली, तर म्हातारी म्हणाली, ‘काय वं माय, मी परकी शे का?’ तिला खरंच वाईट वाटलं होतं. थँक्यू म्हणणं म्हणजे हिशेब चुकता करून मोकळं होणं, असं आमच्या जुन्या माणसांना वाटतं. म्हणून ते ऐकायला मिळत नाही.

‘कुठले तुम्ही? कुणाकडे आलात?’ हे प्रश्नही तुम्हाला चौकशा वाटत असतील. मला कळतं, शहरात ते आवडत नाही. पण इथे तो प्रश्न म्हणजे ओळख लावायचा प्रयत्न असतो. एकदा गाव कळलं, नाव कळलं की तुम्ही दादा, आप्पा, नाना, कुणीतरी होता, आणि मग तुमच्यासाठी सरकायला कुणी मागेपुढे बघत नाही. धुळ्याकडे तर कुणी ‘जिभाऊ’ म्हणालं की समजा, मानाने हाक मारली.

उन्हाळ्यात या, पाणपोई बघा. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात निंबाखाली दोन रांजण, वर ओलं गोणपाट. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं, गरम वाऱ्याने ते उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. म्हणून रांजण सावलीत लागतो, वारा येईल अशा बाजूला लागतो, आणि गोणपाट कुणीतरी दिवसभर भिजवत राहावं लागतं. आमच्या चौकातल्या पाणपोईवर एक आबा बसायचे. उन्हातून आलेल्याला ते लगेच पाणी देत नसत. ‘बसा, घाम वाळू द्या.’ मग गुळाचा खडा. मग पहिलं ओगराळं, म्हणजे लांब दांड्याच्या पळ्यातलं पाणी, नुसतं हात धुवायला. दुसरं ओंजळीत, धार बारीक ठेवून. त्यांची नजर पिणाऱ्याच्या गळ्यावर असे. घोट अडखळला की धार थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. पिणाऱ्याला ‘बस’ म्हणावं लागायचं नाही, तो मान वर करायच्या आतच ओगराळं सरळ झालेलं असायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही घरोघरी पाण्याची घागर भरतो ती पूर्वजांसाठी, पण मला वाटतं की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पाणी पाजणं आणि पितरांची घागर भरणं ह्या आमच्या मनात फार लांबच्या गोष्टी नाहीत.

पण वरून धार धरायच्या त्याच रीतीत एक जुनी लाजही आहे. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी भांड्याला कोण हात लावणार हे जात बघून ठरायचं. काहींना भांडं हातात, काहींना लांबूनच ओंजळीत. तेव्हाही पाजणारा गोडच बोलत असेल. साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि त्याच गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसावं लागलं. आमच्या गावात हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून आपलेपणाचं कौतुक करताना मी नेहमी विचारते, आपल्यात नेमकं कोण कोण धरलंय?

कारण आमचं सौजन्य तिथेच कमी पडतं. समोर माणूस दिसला, त्याच्या गावाचं नाव कळलं, की आम्ही जीव टाकतो. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचा विचार आम्ही करत नाही. बसच्या खिडकीतून पिचकारी मारणारा माणूस मागच्या खिडकीत बसलेल्या पोरीच्या ओढणीवर थुंकायचं म्हणून थुंकत नाही, ती पोरगी त्याच्या डोक्यातच नसते. रेल्वेत थुंकल्याबद्दल २०१२ च्या नियमांप्रमाणे ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, तरी जिन्याचे कोपरे लाल ते लालच. ते कोपरे धुणारी बाई जर त्याच्यासमोर उभी असती आणि तिने ‘दादा, कुठले तुम्ही?’ विचारलं असतं, तर तो थुंकला नसता, असं मला मनापासून वाटतं. रात्रीच्या गाडीत मोठ्या आवाजात मोबाईल लावणाऱ्याचंही तेच. वरच्या बर्थवर झोपलेला त्याला दिसत नाही.

एक प्रसंग सांगते, तो मला अजून टोचतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. ज्या बाया वर्षातून एकदा आखाजीला माहेरी जायच्या त्या आता दवाखान्याला, लेकीकडे, बाजाराला सहज जातात, आणि गर्दीही वाढली. त्या उन्हाळ्यात चोपड्याच्या गाडीत एक म्हातारी दांडीला धरून उभी होती. तिने बसलेल्या माणसाला ‘थोडं सरकतो का भाऊ’ म्हटलं. तो म्हणाला, ‘अर्ध्या तिकिटात सीटबी पाहिजे का?’ दोन-चार जण हसले. म्हातारीने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी तीन ओळी मागे होते, बसलेली. उठून तिला माझी जागा द्यायला मला अर्धं मिनिट लागलं, आणि त्या माणसाला मी काहीच बोलले नाही. जे लोक रोज गाडीत एकमेकांची पोरं मांडीवर घेतात त्याच लोकांसमोर हे झालं. बोलायला हवं होतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी ठरवून करते. असं काही कानावर आलं तर ‘दादा, तुमच्या आईला असं बोलले असते का?’ एवढं विचारते. आवाज न चढवता. बहुतेक वेळा माणूस ओशाळतो आणि सरकतो. दुसरी गोष्ट अगदी साधी. आता पाणपोयांवर रांजणाच्या जागी जार आले आहेत, साखळीला बांधलेला एक स्टीलचा ग्लास असतो. पाणी प्यायले की तो विसळून पालथा ठेवते. पुढचा कोण येईल ते मला माहीत नसतं.

तुमच्याबद्दल एवढंच सांगते, सॉरी-थँक्यू सोडू नका. आमच्या पोरांना त्याची सवय लागली तर चांगलंच आहे, आणि धक्का लागल्यावर मागे वळून बघायला आम्हीही शिकायला पाहिजे. फक्त उद्या गाडीत उभे असताना एखादी बाई न विचारता तुमच्या बॅगेला हात घालेल, तेव्हा घट्ट धरून ठेवू नका. द्या तिच्याकडे. ‘कुठले तुम्ही?’ असं ती विचारेलच. गाव सांगा, आणि तिलाही तिचं विचारा.